तालुक्याचं युवा केंद्र: गुरुवारी गावात येतं, म्हणून चांगलं

आमच्या हिंगोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी एक छोटी संस्था तरुण पोरापोरींसाठी केंद्र चालवते. अभ्यासिका आहे, फॉर्म आणि दाखल्यांची मदत आहे, पोलीस भरतीची तयारी आहे, मन मोकळं करायला समुपदेशक आहेत. मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, बचत गटांची सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती आहे. गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब संपला की बाया लेकरांवर येतात. पोरगं बारावी होऊन घरी बसलंय, पोरीला पुढं शिकवायचं का उजवायचं, भाऊ पुण्याला कंपनीत लागलाय पण पगार पुरत नाही. त्यांना कुठं पाठवायचं हे मला सांगावं लागतं, म्हणून हे केंद्र मी जवळून बघितलं आहे आणि अजून बघते आहे.

केंद्राचं नाव लिहीत नाही. खाली ज्या लेकरांबद्दल लिहिलंय त्यांना गावात कुणी ओळखावं हे मला नको. तुमच्या तालुक्यात असं काही असेल, किंवा कुणी सुरू करणार असेल, तर काय बघायचं ते कळावं एवढ्यासाठी हे लिहिणं.

आधी आमचा जिल्हा समजून घ्या. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्यात शहरात राहणारे शंभरातले पंधरा. उरलेले पंच्याऐंशी गावात, वाडीवर, तांड्यावर. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी तरुणांसाठी कितीही चांगली सोय केली तरी आमच्या पोरांना तिथं पोचायला आधी गाडी पकडावी लागते. गाडी सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री मुक्कामी. मुक्कामी गाडी सकाळी निघते तिच्यात शाळेची लेकरं, दूधवाले, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं असतात. परतीची साडेचारची चुकली की मुलीच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि अशी दोन वेळा चुकली की तिसऱ्या वेळी तिला घरातून सोडत नाहीत. कोणतंही केंद्र मी आधी या हिशोबात बसवून बघते.

केंद्राची जागा साधी आहे. दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड, शेडमध्ये तीसेक खुर्च्या आणि लांब टेबलं. पंखे आहेत, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालतो. अभ्यासिकेचे महिन्याला शंभर रुपये घेतात, बाकी कशाचेच पैसे नाहीत. ज्याच्याकडं तेही नसतील त्यानं आठवड्यातून एकदा शेड झाडायचं, असं ठरलेलं आहे. झाडणाऱ्यांची यादी भिंतीवर लावत नाहीत, हे मला फार बरं वाटलं.

पुढच्या खोलीत पहिला टेबल कागदपत्रांचा. तिथं बसणारी ताई आमच्याच भागातली, एम.ए. झालेली. ती फॉर्म भरून देत नाही, शेजारी बसून भरायला लावते. माझ्या जावेच्या मुलीला मी पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा तिला याचा राग आला होता. "काकू, बाहेर पन्नास रुपयांत भरून देतात, आन् हितं दोन तास झाले बसवून ठेवलंय," असं माझ्या कानात म्हणाली. पण तिचा आधीचा एक फॉर्म बाहेरच भरलेला होता. भरणाऱ्यानं मोबाइल नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकलेला. ओटीपी त्याच्याकडं, मेसेज त्याच्याकडं. परीक्षेचं हॉलतिकीट निघालेलं पोरीला कळलंच नाही. फी गेली, वर्ष गेलं, आणि घरात सगळे म्हणाले की हिचा अभ्यासच झाला नसंल.

तलाठी भरतीला २०२३ साली खुल्या वर्गाला हजार रुपये फी होती, राखीवला नऊशे. सोयाबीन खुरपणाऱ्या बाईची ती कितीतरी दिवसांची मजुरी आहे. एवढे पैसे भरून फॉर्म बाद होत असेल तर घरातला माणूस पुढच्या फॉर्मला हात आखडता घेतो, आणि पहिला हात मुलीच्या फॉर्मवर आखडतो. म्हणून या टेबलाला मी सगळ्यात जास्त गुण देते. पहिल्या दिवशी लेकराचा स्वतःचा ईमेल उघडून घेतात, पासवर्ड वहीत लिहायला लावतात. फोटो आणि सही किती केबीची लागते, ती मोबाइलवर कशी बारीक करायची, ते दाखवतात. मग जाहिरात मोठ्यानं वाचायला लावतात. वयाची तारीख कोणती धरली आहे, नॉन क्रिमिलेयर कोणत्या तारखेचं चालणार आहे, जात पडताळणी आत्ता लागते का निवड झाल्यावर, हे प्रश्न ती ताई विचारते आणि उत्तर पोरानं जाहिरातीत बोट ठेवून दाखवायचं. आता माझी पुतणी गावातल्या चार जणींचे फॉर्म स्वतः तपासते.

दाखल्यांचंही असंच. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, पण आमच्या गावात तो किती जणांना माहीत होता? कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं असतं, अर्जाची पावती घ्यायची असते, मुदत टळली तर अपील करता येतं. केंद्रात हे फळ्यावर कायम लिहिलेलं असतं. एका पोराचा उत्पन्नाचा दाखला अडकला होता, "उद्या या" असं ऐकून तो कंटाळून गेला होता. ताईनं त्याला पावती हातात धरून, शांतपणे, मुदतीची तारीख सांगायला शिकवलं. सोबत कुणी गेलं नाही, तो एकटाच गेला आणि दाखला घेऊन आला. कचेरीत साहेबासमोर उभं राहून बोलता आलं याचा आनंद त्याला दाखल्यापेक्षा जास्त झाला होता.

सरकारी योजनांबद्दल ते खोटी आशा लावत नाहीत, हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आमच्या गावात सगळ्यांना वाटलं नोकरी लागली. एका घरी पेढेसुद्धा वाटले. केंद्रातल्यांनी मात्र पहिल्याच दिवशी पोरांना बसवून सांगितलं की ही नोकरी नाही, प्रशिक्षण आहे, मुदत संपणार आहे, तोवर काय शिकून घ्यायचं ते आत्ताच लिहा. मुदत संपल्यावर पोरं घरी आलीच, वाईट सगळ्यांनाच वाटलं. पण ज्यांनी त्या काळात टायपिंग, एक्सेल, दप्तर लावणं शिकून घेतलं होतं त्यातल्या दोघांना हळदीच्या आडतीवर हिशोबाचं काम मिळालं.

इतकं सगळं चांगलं असूनही, केंद्र एवढंच असतं तर मी त्याला साधारण म्हटलं असतं. कारण या खोल्यांमध्ये येतं कोण? ज्याच्याकडं गाडीला पैसे आहेत, ज्याच्या घरचे सोडतात, आणि ज्याला परीक्षा द्यायची आहे. खरं काम गुरुवारी होतं. त्या दिवशी केंद्राला कुलूप असतं आणि दोघं-तिघं जण गावांत जातात. महिन्याची गावं ठरलेली असतात, आमच्या गावाची पाळी आली की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गटाच्या ग्रुपवर आधी कळवतात. सकाळी समाजमंदिरात, दुपारी मुलींसाठी अंगणवाडीत, संध्याकाळी पारावर. वेळ गावाच्या कामाप्रमाणं बदलते. हळद काढणी-शिजवणीच्या दिवसांत ते दिवसा येतच नाहीत, दिवे लागल्यावर येतात, कारण तेव्हा सगळी पोरं शेतात कुकरपाशी नाहीतर वाळवणावर असतात.

पोलीस भरतीचं उदाहरण सांगते. भरतीत मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. आधी मैदानी, त्यात निम्मे गुण पडल्याशिवाय लेखीला बोलावत नाहीत. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. तालुक्याला मैदान सकाळी सहाला सुरू होतं. आमच्या पोरींनी सहाला तिथं पोचायचं कसं? पहिल्या वर्षी एकही गावातली मुलगी त्या मैदानावर दिसली नाही. मग त्यांचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले मामा, गुरुवारी फीत घेऊन आले. जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापासून शिवाराच्या रस्त्यानं आठशे मीटर मोजले आणि दर दोनशेला चुन्याची खूण केली. शंभर मीटर शाळेच्या मागं. मुली आता पहाटे गावातच पळतात, दोघी पळतात आणि तिसरी मोबाइलवर वेळ लावते. मामा आले की तेच घड्याळ लावून बघतात, पायाची ठेवण सुधारतात, कुणाचं गुडघं दुखतंय ते विचारतात.

सुरुवातीला लोक बोलले. पोरी पॅन्ट घालून रस्त्यानं पळायल्यात, हे काय चाललंय म्हणून. मामांनी एक केलं, मुलींच्या आयांना आणि आज्यांना एका पहाटे रस्त्याच्या कडेला उभं केलं. एका आजीनं स्वतःच्या नातीची वेळ मोजली. त्यानंतर बोलणं थांबलं असं नाही, पण बोलणाऱ्याला उत्तर द्यायला घरातलं माणूस तयार झालं.

आणि ज्याला परीक्षा द्यायचीच नाही त्याचं काय? गावात अशी पोरं जास्त आहेत, आणि तरुणांसाठी म्हणून जे काही निघतं त्यात त्यांच्यासाठी काहीच नसतं. एक पोरगा नववीत शाळा सोडून ट्रॅक्टरवर होता. पारावर बसायचा, पण समाजमंदिरात पाय टाकायचा नाही. "मी काय शिकलेला हाव का? मी कामून येऊ?" म्हणायचा. केंद्रातला कार्यकर्ता तिसऱ्या गुरुवारी त्याच्याजवळ ट्रॅक्टरपाशी जाऊन बसला. काय आवडतं विचारलं. तो म्हणाला, मोटारी खोलायला. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत बँकेमार्फत असे कोर्स फुकट होतात, राहणं-जेवणसुद्धा तिथंच, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तो एकटा गेला नसता. पहिल्या दिवशी कार्यकर्ता त्याला सोडायला सोबत गेला. मोटार रिवाइंडिंग शिकून आल्यावर आता आसपासच्या गावांतले शेतपंप त्याच्याकडं येतात. उन्हाळ्यात मोटार जळाली की शेतकरी आधी तालुक्याला पळायचा, दोन दिवस मोडायचे. आता आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, बोलावलं की हा तासाभरात हजर होतो.

मुलींच्या दुपारच्या बैठकीत मी स्वतः बसते, म्हणून तिथलं खात्रीनं सांगू शकते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळपास निम्म्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्याकडं चित्र फार वेगळं आहे असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. बालविवाहाविरुद्धचा कायदा २००६ चा आहे, लेकरांच्या मदतीचा १०९८ नंबर आहे, हे मुलींना पाठ आहे. पण बाप तयार कधी होतो? पोरगी घरी बसून नसेल तेव्हा. दहावी झाल्यावर पुढची शाळा नऊ किलोमीटरवर आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. पास होता, पण त्या शाळेकडची गाडी गावात येत नव्हती, फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चालावं लागायचं आणि एकटीला कुणी सोडत नव्हतं. केंद्रातल्या ताईनं त्याच रस्त्यावरच्या वस्तीतल्या मुली शोधल्या, पाच जणी एकत्र निघतील असं त्यांच्या आयांशी बोलून ठरवलं. एवढंच केलं. पाचही जणी अकरावीत गेल्या. त्यातल्या एकीची सुपारी फुटायची होती, ती बोलणी मागं पडली.

समुपदेशनाबद्दल थोडं सांभाळून लिहिते. आमच्या एका गटातल्या बाईचा मुलगा भरतीत दोनदा थोड्या गुणांनी राहिला. मग घरी जेवायला येईना, आखाड्यावरच झोपायला लागला, कुणाशी बोलेना. आमच्या भागात असं गप्प झालेलं लेकरू बघितलं की आईच्या पोटात गोळा येतो, कारण जवळपासच्या घरांत काय काय झालंय ते तिनं बघितलेलं असतं. तो तालुक्याला जाऊन समुपदेशकासमोर बसला असता का? कधीच नाही. कार्यकर्ता गुरुवारी संध्याकाळी आखाड्यावर गेला, त्याच्यासोबत बैलांना चारा टाकला, परीक्षेचा विषयही काढला नाही. पुढच्या वेळी पोरगाच बोलला. मग समुपदेशकांचा फोन जोडून दिला, आणि रात्री-अपरात्री कुणी नसेल तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावायचा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात, हे त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिलं. आज तो मुलगा घरी जेवतो. भरतीचं पुढं काय ते अजून ठरलेलं नाही, आणि त्याच्या आईला आता त्याची घाई नाही.

आता उणं काय ते. समुपदेशक एकच आहेत, पुरुष आहेत, आणि पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी नांदेडहून येतात. ते चांगले आहेत, पण मुली त्यांच्याशी मोकळं बोलत नाहीत. मुलींचं काय दुखतंय ते तोवर कागदपत्रांच्या टेबलावरच्या ताईच्या कानावर पडतं, आणि तिच्यावर त्याचा भार आलेला दिसतो. एक बाई समुपदेशक हवीच. पैसे नाहीत म्हणतात, आणि ते खरं आहे, त्यांची मदत वर्षावर्षाची असते. मार्च आला की पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार हे त्यांनाच माहीत नसतं. मागं एक चांगला कार्यकर्ता असाच गेला आणि त्याच्याकडं बोलायला लागलेली दोन पोरं परत गप्प झाली. तरुणांच्या कामाला पैसा देणाऱ्यांनी निदान तीन वर्षांचा विचार करून द्यावा. माणूस ओळखीचा व्हायलाच एक वर्ष जातं.

अभ्यासिकेतली पुस्तकं जुनी आहेत. चालू घडामोडींचं मासिक महिना उलटल्यावर येतं. एप्रिल-मेमध्ये संडासाला पाणी नसतं, मुली दिवसभर पाणी न पिता बसतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी टाकी बसवली, पण टँकर वेळेवर आला तरच ती भरते.

सगळ्यात मोठं उणं तांड्याचं आहे. दिवाळीनंतर तांड्यावरची बरीच घरं ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्यांच्यासोबत सोळा-सतरा वर्षांची पोरंपोरीसुद्धा कोयत्यावर जातात. गुरुवारची यादी बनते तेव्हा तांडा रिकामा असतो म्हणून तो यादीतून गळतो, आणि माणसं परत येतात तेव्हा यादी झालेली असते. ज्या लेकरांना या केंद्राची सगळ्यात जास्त गरज आहे तीच असं करून दरवर्षी सुटतात. मी केंद्राच्या प्रमुखांना म्हटलं, पाऊस पडल्यापासून दसऱ्यापर्यंतचे सगळे गुरुवार तांड्यांना द्या, आमची गावं तेव्हा थांबतील. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि या पावसाळ्यात चार तांडे घ्यायचे कबूल केलं. कोणते चार, ते आमच्या गटातल्या बायाच ठरवणार आहेत, बैठक पुढच्या सोमवारी आहे.

जायचं असेल तर सकाळी अकरा ते साडेतीन या वेळात जा. मुलींच्या तासांची वेळ त्यांनी साडेचारच्या गाडीप्रमाणं ठेवली आहे. गुरुवारी जाऊ नका, कुलूप असतं. सोबत आधार, टीसीची झेरॉक्स, दहावीचं मार्कमेमो आणि स्वतःचा चालू मोबाइल नंबर न्या. भावाचा किंवा काकाचा नंबर चालवून घेत नाहीत. आणि फॉर्म कोण भरून देईल असं विचारू नका, खुर्ची ओढून बसायची तयारी ठेवून जा.